आत्ता तर इथेच होती : कमी गाजलेल्या सिनेमाला अनावृत पत्र

प्रिय कमी गाजलेल्या सिनेमा,



तुझ्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक अभ्यासकांनी लिहिलेलं असतं. ते वाचायला मला आवडतं. पण तू मुळात ज्यांच्यासाठी केला गेलास ते आम्ही, रात्रीची जेवणं उरकून ओटा पुसून झाला की दीड-दोन तास काहीतरी बघायला बसणारे लोक, तुला कधी काही कळवत नाही. बघतो, दचकतो, दिवा लावून पाणी प्यायला जातो आणि झोपतो. म्हणून हे पत्र. मी सिनेमा शिकलेली नाही. बघताना आणि बघून झाल्यावर जे वाटलं त्याच्याच जोरावर लिहिते आहे.

तुझ्या नावापुढे कुठे ‘थरारपट’ लिहितात, कुठे ‘भयपट’, कुठे नुसतंच ‘ड्रामा’. मोठ्या सिनेमांना हे चालतं. तिथे भुताच्या सिनेमात भूत असतं आणि खुनाच्या सिनेमात खून. तुझ्यात मला या भिंती सापडत नाहीत. ज्या सिनेमांनी मला खरोखर अस्वस्थ केलं, त्यांत भुताटकी असेल-नसेल, रक्त असेल-नसेल, पण एक गोष्ट बहुतेक वेळा असते. कुणीतरी आत्ता इथे होतं आणि आता नाही, आणि मागे उरलेल्यांना नक्की काय झालं ते कळत नाही. या न कळण्यापाशी तू थांबतोस. प्रेक्षक कंटाळेल, चिडेल, उठून जाईल, हे माहीत असूनही थांबतोस. तुझ्यावर माझा जीव आहे तो यासाठी.

१९८८ सालचा डच सिनेमा ‘स्पोरलोस’ घे. जगभर तो ‘द व्हॅनिशिंग’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. टिम क्राबे या लेखकाच्या छोट्या कादंबरीवरून जॉर्ज स्लॉयझरने तो केला. रेक्स आणि सास्किया हे तरुण जोडपं गाडीने फ्रान्समध्ये सुट्टीला निघालंय. वाटेत एका बोगद्यात पेट्रोल संपतं, भांडण होतं, आणि तो तिला अंधारात एकटी सोडून पेट्रोल आणायला जातो. पुढे समेट होतो. हमरस्त्यावरच्या मोठ्या पेट्रोल पंपावर दोघं थांबतात. पुन्हा कधी असं सोडून जाणार नाही, असं तो तिला वचन देतो. एका झाडाच्या बुंध्याशी दोघं दोन नाणी पुरतात. मग ती थंड पेयं आणायला दुकानात जाते, आणि परत येत नाही.

हे सगळं भर उजेडात, गर्दीत घडतं. सुट्टीवर निघालेली कुटुंबं ये-जा करत असतात, ट्रक उभे असतात, दुकानात रांग असते. इथे काही वाईट घडणार आहे असं सांगायला संगीत धावून येत नाही. रेक्स आधी वैतागतो, मग गाडीभोवती घुटमळतो, मग आत जाऊन काउंटरवरच्या बाईला विचारतो. त्याच्या चेहऱ्यावरचा वैताग कुठल्या क्षणी भीतीत बदलला ते पकडायला मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला, पण नेमकं बोट ठेवता आलं नाही. बाजारात हातातलं पोर क्षणभर दिसेनासं झालेल्या कुणालाही ही मिनिटं ओळखीची वाटतील.

आणि मग तू काय करतोस, तर गुन्हेगाराला लपवून ठेवतच नाहीस. हे काम कुणाचं आहे ते लवकरच समोर येतं. रेमों लमोर्न, रसायनशास्त्राचा शिक्षक, बायको आणि दोन मुली असलेला गृहस्थ. तो तयारी कशी करतो ते आपण बघत राहतो. क्लोरोफॉर्म स्वतःवरच वापरून किती वेळ शुद्ध हरपते ते मोजतो, नाडीचे ठोके लिहून ठेवतो. बाईला गाडीत कसं बसवायचं, दार कसं लावायचं, याची रिकाम्या गाडीत तालीम करतो. गावाबाहेरच्या घरी कोळी दिसून मुलगी किंचाळते, मग सगळं कुटुंबच गंमत म्हणून किंचाळून घेतं, आणि हा नंतर शेजाऱ्याकडे सहज चौकशी करतो, काही ऐकू आलं का म्हणून. घरच्यांची मजा आणि त्याची चाचणी एकाच दुपारी पार पडते. नटाचं नाव बर्नार-पिएर दोनादिय. एकदाही आवाज न चढवता इतका भयंकर वाटलेला दुसरा माणूस मी पडद्यावर पाहिलेला नाही.

गुन्हेगार कोण हा प्रश्नच काढून टाकल्यावर एकच प्रश्न उरतो, तिचं झालं काय. तीन वर्षं उलटतात. रेक्सचं दुसरं नातं या शोधापायी मोडतं. एक वेळ अशी येते की तो स्वतःच कबूल करतो, ती कुठेतरी सुखात असेल आणि मला कधीच कळणार नाही, यापेक्षा ती गेलेली असली तरी मला कळलेलं बरं. हे ऐकल्यावर मी सिनेमा थांबवून बसले. प्रेम कधी संपलं आणि नुसतं जाणून घेण्याचं वेड कधी उरलं, हे त्या माणसाला स्वतःला ठाऊक नाही. शेवट मी इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा तो हक्क आहे.

पुढे १९९३ मध्ये त्याच स्लॉयझरने हॉलिवूडमध्ये हाच सिनेमा पुन्हा केला. जेफ ब्रिजेस, कीफर सदरलँड, सँड्रा बुलक अशी मोठी नावं घेऊन. शेवट बदलला. प्रेक्षकाने सुटकेचा श्वास टाकून घरी जावं अशी सोय केली. ज्याने तो पहिला शेवट रचला त्याच माणसाला तो पुसावा लागला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू मोठा व्हायला निघालास की पहिला घास तुझ्या शेवटाचा घेतला जातो.

आता मराठीतला ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१३ चा. ‘स्पोरलोस’ आणि ‘अस्तु’ ही नावं एका दमात कुणी घेतलेली मी ऐकलेली नाहीत, पण माझ्या मनात ते शेजारी-शेजारीच राहतात. डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे गाढे पंडित, आणि आता स्मृतिभ्रंश झालेले. मुलगी काही वेळासाठी त्यांना गाडीत ठेवून जाते. रस्त्यावर हत्ती दिसतो, शास्त्री लहान मुलासारखे त्याच्या मागे निघतात आणि दिसेनासे होतात. इथेही गाडी, इथेही काही मिनिटं, इथेही परत आल्यावर रिकामी जागा. इरावती हर्षे यांनी त्या मुलीची जी घालमेल दाखवली आहे, त्यात शोधाशोध आहे, अपराधीपणा आहे, आणि फार खोलवर, जिभेवर आणता येणार नाही अशी एक सुटकाही आहे. हे दाखवायला धाडस लागतं. म्हाताऱ्या आईबापांचं करून थकलेल्या मुली आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांच्याबद्दल पडद्यावर एवढ्या प्रामाणिकपणे बोललेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

‘अस्तु’ मी आईबरोबर पाहिला. तिला अर्ध्यातच राहवलं नाही. “सापडतात ना गं ते शेवटी?” असं तिने दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. पण ज्या मिनिटाला हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्या अनोळखी म्हाताऱ्याचं पोटच्या पोरासारखं करायला लागते आणि तो तिच्यात आपली आई बघायला लागतो, तेव्हापासून आईने विचारणं बंद केलं. ‘स्पोरलोस’मध्ये हरवलेल्या माणसाला परका माणूस भेटतो तो तसा, आणि इथे भेटतो तो असा. या सिनेमाने मला धास्ती भरवली, रडवलं, पण फसवलं नाही. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्रा भावेंना मिळाला, तरी थिएटरात सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोचायला २०१६ उजाडलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या सिनेमाची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

तुझ्या भुताच्या गोष्टींत माझी सगळ्यात आवडती ‘लेक मुंगो’. २००८ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, जोएल अँडरसनचा पहिलाच. व्हिक्टोरिया राज्यातल्या अरारॅट नावाच्या गावातलं पामर कुटुंब धरणावर पोहायला जातं आणि सोळा वर्षांची ॲलिस बुडते. सिनेमा माहितीपटाच्या थाटात आहे. आई, बाप, भाऊ कॅमेऱ्यासमोर बसून सांगत राहतात. नटांना संवाद लिहून दिले नव्हते, प्रसंग समजावून दिले आणि ते आपल्या शब्दांत बोलले, म्हणून त्यांचं अडखळणं खरं वाटतं. धरणावरून परतताना त्यांची गाडी बिघडते, फक्त मागेच जाते, आणि बाप घरापर्यंत गाडी उलटी चालवत आणतो. हे सांगताना कुणी रडत नाही. मेलेल्या मुलीला मागे ठेवून, तोंड तिच्या दिशेला आणि चाकं घराच्या दिशेला, असा तो प्रवास. अख्ख्या सिनेमात याहून दुःखाचं चित्र नाही.

मग घरात फोटोंमध्ये ॲलिस दिसायला लागते. पुढे उघड होतं की भावानेच ते फोटो जुळवले होते. इथे दुसरा कुठलाही सिनेमा ‘म्हणजे भूत नव्हतंच’ म्हणून संपला असता. तू तिथून पुढे सुरू होतोस. खोटे फोटो बाजूला काढल्यावर जे उरतं ते जास्त घाबरवणारं निघतं, कारण ॲलिसचं एक आयुष्य घरच्यांना ठाऊकच नव्हतं. तिच्या मोबाइलमधलं, कोरड्या पडलेल्या मुंगो सरोवरावर रात्री घेतलेलं ते धूसर चित्रण मी दुसऱ्यांदा दिवसा पाहिलं, आणि दिवसाही अंगावर काटा आला. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नये. आधी पाहिलेली छायाचित्रं तिथे पुन्हा येतात, आणि आपण कुठे बघायला हवं होतं ते तेव्हा कळतं. ती मुलगी जिवंत असताना आणि मेल्यावरही घरच्यांच्या नजरेतून सुटत राहिली, एवढीच ही गोष्ट आहे.

आता थोडी तक्रार.

अलीकडे तुझ्यातले बरेच जण घाईला आले आहेत. दर काही मिनिटांनी मोठा आवाज, आरशात अचानक चेहरा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी सगळं बैजवार समजावून सांगणारं. आवाजाने दचकणं म्हणजे भिणं नव्हे. कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते. आणि समजावून सांगण्याबद्दल तर मला विशेष बोलायचं आहे, कारण त्यात आपला ‘लपाछपी’ही येतो. विशाल फुरियाचा हा २०१७ चा मराठी भयपट. कर्जापायी लपायला निघालेलं जोडपं, आठ महिन्यांची गरोदर नेहा म्हणजे पूजा सावंत, आणि उसाच्या फडात दडलेलं एकटं घर. ज्याने पुरुषभर उंचीच्या उसात एकदा पाऊल टाकलं आहे त्याला हे भय सांगावं लागत नाही. चार सऱ्या आत गेलं की वाट कुठली, बांध कुठला, काही कळत नाही, आणि पाल्याच्या सळसळीत माणूस चालतोय की वारा ते ओळखता येत नाही. या महाराष्ट्राच्या मातीतून, भर दिवसा, भीती उगवून दाखवली याबद्दल मी या सिनेमाची ऋणी आहे. उषा नाईक यांची तुळसाबाई तर प्रेमाने जेवू घालतानाही धडकी भरवते. पण उत्तरार्धात मागची कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगितली जाते, स्त्रीभ्रूणहत्येबद्दलचं म्हणणं पुन्हा पुन्हा मांडलं जातं, आणि उसातली ती भीती विरून जाते. म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्या घरात शिरल्यापासून ते आम्हाला कळतही होतं. तेवढा विश्वास आमच्यावर टाकायला हवा होता. पुढे त्याच दिग्दर्शकाने हिंदीत ‘छोरी’ केला, तोही पाहिला, पण माझा जीव मराठीतल्या उसातच अडकला आहे.

याच्या शेजारी १९८० चा ‘गहराई’ ठेवून बघ. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा हिंदी सिनेमा. डॉ. श्रीराम लागू बंगळूरमधल्या घराचे कर्ते पुरुष, कडक, बुद्धिवादी. गावाकडची वडिलोपार्जित जमीन ते विकून टाकतात, आणि कोवळ्या वयाच्या मुलीच्या, पद्मिनी कोल्हापुरेच्या, तोंडून दुसरंच कुणीतरी बोलायला लागतं. मांत्रिक येतात, डॉक्टर येतात. पण अंगात काय आलं आहे यापेक्षा ते काय बोलतंय याची भीती मोठी. ते बापाचा जुना हिशेब मांडतं. जमिनीचा, आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाच्या घराचा. मुलीच्या मुखातून हे ऐकताना लागूंचा चेहरा बघावा. ते खोडून काढत नाहीत, कबूलही करत नाहीत. मुलीपेक्षा आपली इभ्रत वाचवण्याची धडपड त्या डोळ्यांत दिसते आणि मग त्याची लाजही दिसते. आपल्याकडे जमीन विकताना घरात किती गोष्टी गाडल्या जातात हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हा सिनेमा भुताचा वाटणार नाही. हिंदीत भयपट म्हटलं की लोक जुन्या हवेल्या आणि रबरी मुखवटे आठवतात. हे नाव फार थोड्यांच्या तोंडी येतं, आणि हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते.

आणखी दोन-तीन नावं घाईत घेते, म्हणजे पत्र वाचणाऱ्यांना हाती काही लागेल. ‘सेशन नाइन’ (२००१) मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्स इथल्या बंद पडलेल्या खऱ्या मनोरुग्णालयात चित्रित झाला. ॲस्बेस्टॉस काढायचं काम घेतलेली पाच माणसं त्यात आहेत. मुकादम गॉर्डनने काम मिळावं म्हणून अशक्य मुदत कबूल केली आहे, घरी तान्हं बाळ आहे, झोप नाही. भूत येण्याआधीच माणूस कसा पोखरला जातो ते त्यात आहे. ‘ब्लू रुइन’मधला (२०१३) सूड घ्यायला निघालेला ड्वाइट धड सूड घेऊ शकत नाही. पायात घुसलेला बाण घरीच काढायला म्हणून सामान विकत आणतो आणि शेवटी इस्पितळ गाठतो. सिनेमातले नायक ज्या जखमा दात-ओठ खाऊन शिवतात, त्या खऱ्या माणसाला शिवता येत नाहीत, हे कुणीतरी दाखवायलाच हवं होतं. आणि १९६२ चा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट बनवणाऱ्या हर्क हार्वीने आयुष्यात केलेला एकमेव कथापट, जेमतेम तेहतीस हजार डॉलरांत. सॉल्ट लेकच्या काठचा ओसाड करमणूक-महाल त्याला प्रवासात दिसला आणि त्यावरून गोष्ट सुचली. त्या काळी तो आला आणि गेला. पुढे लोकांनी शोधून काढला.

शोधून काढण्याचं हे काम आता आमच्याकडे आलं आहे आणि त्यात अडचणी आहेत. मराठी सिनेमाला खेळ मिळतो तो सकाळी, नाहीतर लांबच्या थिएटरात, आणि शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी असेलच असं नाही. मोबाइलवर मालिका आणि सिनेमे देणाऱ्या मंडळींकडे तू असतोस, पण तळाशी. शोधताना तुझं अचूक नाव माहीत असेल तरच सापडतोस. तरी आशा ठेवायला जागा आहे. राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये लागला तेव्हा थोड्याच लोकांनी पाहिला. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरांत आणला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मधल्या सहा वर्षांत जाहिरात झाली ती आम्हीच एकमेकांना सांगून. मतकरी-धारपांच्या गूढकथा वाचनालयातून आणून, फाटकी पानं चिकटवून वाचणाऱ्या मराठी वाचकाला तुझी गोडी लागणार नाही असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

तेव्हा तुझ्या कर्त्यांपाशी माझ्या दोन मागण्या आहेत. शेवट विकू नका. पैसे देणारा म्हणाला की लोकांना समजणार नाही, तर ‘अस्तु’ बघून उठलेल्या कुठल्याही घरातल्या आजींना विचारा. आणि परदेशी सिनेमांना मराठी उपशीर्षकं द्या. तेलुगू-तमिळ सिनेमे हिंदीत येतात, कोरियन मालिका हिंदीत येतात, पण माझ्या आईसारखी माणसं, जी रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, त्यांना ‘स्पोरलोस’ बघायचा तर कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. असा मजकूर मराठीत उतरवणारी तरुण मुलं इथे आहेत. हे काम अवघड नाही, कुणाला सुचत नाही एवढंच.

येत्या शनिवारी कियोशी कुरोसावाचा १९९७ चा ‘क्युअर’ लावणार आहे. तोक्योत एकामागून एक खून होतात, दर वेळी मारणारा वेगळा, आणि का मारलं ते त्याला स्वतःला सांगता येत नाही. उपशीर्षकं इंग्रजी आहेत. आईने बसायचं ठरवलं आहे, तेव्हा उपशीर्षकं मी वाचून दाखवीन, आणि ती मध्येच काही विचारेल त्याचं उत्तर देणार नाही.

तुझी,
एक प्रेक्षक